उपरण्याखालचे नव्वद

परवा तळोद्याच्या बाजारात शेरभर चारोळी घ्यायला गेलो आणि रिकामी पिशवी घेऊन परत आलो. घरी विचारणा झाली तेव्हा सांगितलं, माल बरा नव्हता. हे खोटं. माल उत्तम होता. दाणा भरलेला, तांबूस, बोटांनी चुरडला तर तेल सुटणारा. भाचीच्या लग्नातल्या श्रीखंडाला शोभला असता. पण चारोळीच्या टोपल्यांपलीकडे, लिंबाखाली, दोघांचा बैलजोडीचा सौदा चालला होता. एकानं खांद्यावरचं उपरणं काढून दोघांच्या हातांवर टाकलं आणि उपरण्याखाली बोटं हलायला लागली. मी तिकडे पाहत उभा राहिलो. टोपलीवाल्या बाईनं दोनदा हाक मारली, मग माझा नाद सोडला. चष्मा लावलेला, धोतराचा सोगा धुळीत लोळतोय याचं भान नसलेला, पन्नाशीतला माणूस. असलं गिऱ्हाईक काही घेत नाही, हे बाजारात बसणाऱ्याला लगेच कळतं.

फुईलाही कळलं असतं.

फुई म्हणजे आत्या. आमच्याकडे आत्याला फुईच म्हणतात. मी धुळ्याला जाऊन इंग्रजी शिकलो, कचेरीतलं मराठी बोलायला लागलो, तरी हा शब्द काही तोंडातून गेला नाही. ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिशीच्या आत कपाळ पांढरं झालं, मूलबाळ नव्हतं, सासरच्यांनी तिचं दोन खणांचं घर परस्पर विकलं आणि ती एक पितळी तांब्या आणि एक सुपारीचा अडकित्ता घेऊन भावाकडे आली. आमच्याकडे ती पंचवीस-तीस वर्षं राहिली. पण राहिली ती पाहुण्यासारखी. चुलीवरचं काही उतरवायचं झालं तरी आईला विचारून उतरवायची. तिनं आमच्या घरात एकही खिळा कधी ठोकला नाही.

तिचा स्वतःचा म्हणावा असा एक उद्योग होता. वैशाखात सातपुड्यातल्या बाया चारोळी घेऊन उतरायच्या, थंडीत डिंक घेऊन यायच्या. फुई तो माल घ्यायची, निवडायची, पाखडायची आणि सुरतेच्या दलालाला विकायची. वैशाखात आमच्या ओसरीला एक वास असायचा. फोडलेल्या चारोळीच्या टरफलांचा, गोणपाटाचा, वाळत घातलेल्या मोहाच्या फुलांचा गोडसर, डोकं धरणारा वास. डिंकाच्या दिवसांत तो वास जायचा आणि सगळीकडे चिकट व्हायचं. दाराची कडी, पाण्याचा माठ, माझी पुस्तकं. माझ्या व्याकरणाच्या पुस्तकाची चार पानं डिंकानं जी चिकटली ती चिकटलीच. परीक्षेत त्याच चार पानांवरचं विचारलं. पहिल्या खेपेला मॅट्रिक नापास होण्याचं हे कारण मी पुढे बरीच वर्षं सांगत असे.

फुई तळोद्याच्या याच बाजारात कशी बसायची ते सांगायला हवं. सकाळी जायची, लिंबाखाली फतकल मारून बसायची आणि तासभर काही म्हणजे काहीच करायची नाही. सुपारी कातरायची. डोंगरातल्या बाया एकामागून एक येत. वरच्या काठी गावाकडच्या बाया पहाटेच्या आधी निघालेल्या असत, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. त्या आपल्या भाषेत बोलत, फुई अहिराणीत बोले आणि दोन्हीच्या मधे कुठेतरी सौदा होई. फुई माप दाबून भरून घेत नसे, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. खरं काय ते त्या बाया जाणोत. पण एवढं खरं की त्या वर्षानुवर्षं तिच्याकडेच येत.

मॅट्रिक झाल्यावर एकदा मी तिला म्हटलं, फुई, तू तासभर बसतेस कशाला, भाव तर आल्या आल्या कळतो. त्यावर तिनं अडकित्ता थांबवला.

"भाव काय इचारस बापू? भाव आख्ख्या बजारले माहीत ऱ्हास. लेवावाला कितला उनात, ते देख."

लिंबाखाली घेणाऱ्यांच्या गाड्या किती उभ्या आहेत, सुरतेचा माणूस एकटाच आलाय की बरोबर आणखी कोणी आहे, उन्हं चढली तरी कोणाची पोती रिकामीच आहेत, हे ती त्या तासात पाहत असे. गाड्या पुष्कळ असल्या तर माल सावकाश काढायची. एकच गाडी असली तर दोन पायल्या विकून उरलेलं घरी. एकाच घेणाऱ्यासमोर सगळी पोती उघडू नयेत, हा तिचा नियम. मी शहाणा. एकदा ती पाणी प्यायला गेली असताना दलालावर छाप पडावी म्हणून मी सातही पोत्यांची तोंडं सोडून ठेवली. दलालानं पोत्यांकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि भाव पायलीमागे दोन आण्यांनी खाली आणला. फुई परत आली. सहा पोत्यांची तोंडं बांधली, आणि घरी येताना गाडीत म्हणाली, "मॅट्रिकले हाई शिकाडतस का?"

घरात माझं नाव तेव्हापासून बालिस्टर पडलं. वडील दुकानातून हाक मारत ती त्याच नावानं.

आता उपरण्याचं. ज्यांनी हा सौदा पाहिला नसेल त्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं की तोंडानं भाव बोलायचा नसतो. उपरण्याखाली एकानं दुसऱ्याची बोटं धरायची. एक बोट म्हणजे एक, पुरा पंजा म्हणजे पाच, पंजा धरून मग चार बोटं म्हणजे नऊ. दहाचं की शंभराचं, ते मालावरून दोघांनाही कळलेलं असतं. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांतच राहतो. आवडला तर हातावर हात, नाही तर हात काढून घ्यायचा. तोंडं तेवढी शेतीपाण्याच्या गप्पा मारत असतात.

पण परक्या पुरुषाच्या उपरण्याखाली बाईनं हात घालायचा नसे, विधवेनं तर नाहीच. डोंगरातल्या बायांशी फुई स्वतःच्या पदराखाली बोटं धरून बोलायची. दलालाशी बोलायला मात्र तिला भावाचा हात लागे. वडिलांनी दलालाची बोटं धरायची, आणि तिनं पाच हातांवर उभं राहून वडिलांच्या तोंडाकडे पाहायचं. भाव बरा नसला की ती पदर सारखा करी. वडील हात काढून घेत. असा सगळा जन्म तिनं दुसऱ्याच्या हातानं सौदे केले.

बोटांची ही भाषा मला तिनंच शिकवली. लहानपणी मला हिवताप यायचा. गोधडीत कुडकुडत पडलो की ती शेजारी बसून गोधडीखाली हात घालायची आणि मी तिला आमची गाय विकायचो. मी तिचा पंजा धरायचो, ती माझं एक बोट धरायची. मी चार म्हणायचो, ती दोन म्हणायची. गाय कितीदा विकली त्याला गणती नाही. घाम फुटून ताप उतरायचा तेव्हा सौदा मोडलेला असायचा, आणि गाय आपली गोठ्यातच.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला आणि नंतरची एक-दोन वर्षं कापसाला जो भाव आला तो आमच्या भागानं आधी पाहिला नव्हता. नंदुरबारला स्टेशनच्या अंगाला नवी जिनिंग-प्रेसिंग कंपनी निघाली. भोंगा वाजला की वारा बरा असेल तर तापीच्या काठापर्यंत ऐकू येतो, असं लोक सांगत. मी ऐकला नाही, पण ऐकल्याचं मीही सांगत असे. कंपनीचे शेअर निघाले. जाड पिवळसर कागद, भोवती वेलबुट्टी, मध्ये चिमणीतून धूर सोडणारा कारखाना. असा कागद मी जन्मात पाहिला नव्हता. हाताला गार लागे, नोटेसारखा कुरकुरे, आणि त्याला शाईचा असा वास होता की तो हुंगतानाच माणूस श्रीमंत होई.

फुईनं चारोळीच्या पोत्याखाली एका गाडग्यात पैसे साठवले होते. कशासाठी ते घरात सगळ्यांना माहीत होतं, कोणी बोलत नसे. तिचं ते दोन खणांचं घर बाजारामागच्या गल्लीत होतं. आता त्यात शंकर तांबट राहत होता. परसात फुईनं नवरी असताना लावलेलं सीताफळ होतं. शंकर भला माणूस. दर कार्तिकात टोपलीभर सीताफळं आमच्याकडे आणून देई. फुई ती पोरांना वाटून टाकी आणि स्वतः एकही खात नसे. शंकर कधीतरी मुलाकडे सुरतेला जाणार, घर विकणार, हे तिच्या मनानं धरून ठेवलं होतं.

मी तिला म्हटलं, गाडग्यातला पैसा झोपलेला असतो. हे वाक्य मी तीन दिवसांनी शिळं होऊन येणाऱ्या कुठल्याशा वर्तमानपत्रातून उचललं होतं. मी तिला कापसाचं सांगितलं, कंपनीचं सांगितलं, कागद दाखवला. तिनं कागद उलटसुलट करून पाहिला आणि एकच विचारलं.

"पैसा लागनात तवय भेटतीन ना?"

लागतील तेव्हा मिळतील ना, इतकं सोपं विचारलं होतं. मी उत्तर दिलं की फुई, दोन वर्षांत दीडपट होतील. हे तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे तिला कळलं असणार. तरी तिनं गाडगं काढलं. एकशे दहाच्या भावानं तिचे दहा शेअर झाले. गाडगं धुऊन तिनं त्यात लोणचं घातलं.

त्यानंतरचे दिवस माझ्या दिमाखाचे. दुकानाच्या मालासाठी आठवड्यातून एकदा नंदुरबारला जाणं होई. गाडी तापीच्या उतारात शिरायची, चाकांना पाणी लागायचं, बैल मान खाली घालून प्यायचे आणि हलायचेच नाहीत. पलीकडे जाईतो कपडे ओले. तसाच मी कपूरचंद शेठच्या पेढीवर जात असे. पेढीच्या ओट्यावर एक काळा फळा टांगलेला. त्यावर मुनीम खडूनं भाव लिही. कापूस, सरकी, भुईमूग, तूर; आणि सगळ्यात खाली आमच्या कंपनीचा शेअर. दिवाळीला तो एकशे पंचाहत्तर झाला. मी धावतच परत आलो म्हणायचं, बैलांनी परवानगी दिली तेवढं. ओसरीवर सगळ्यांदेखत सांगितलं. फुई ठेवणीतली चारोळी पाखडत होती. पाखडता पाखडता तिनं विचारलं, "तठे कितला इकायनात?"

म्हणजे त्या भावानं विकले गेले किती. मी हसलो. फुई, म्हटलं, हे काय चारोळीचं पोतं आहे? भाव तो भाव, एक विकला काय आणि शंभर काय. वडीलही हसले. फुईनं सुपातली टरफलं उडवली. त्यातली थोडी माझ्या अंगावर आली.

दिवाळीपासून माघापर्यंत मी दर आठवड्याला तो फळा पाहिला. एकशे पंचाहत्तर. कापूस वरखाली होई, सरकी पडे, तूर चढे. आमचा शेअर ढळत नसे. मी म्हणे, याला म्हणतात भक्कमपणा. आता डोळे मिटले की तो फळा जसाच्या तसा दिसतो. वरच्या चारही ओळी रोज पुसून रोज लिहिलेल्या, ओल्या फडक्याचे फराटे आणि वर ताजा पांढरा खडू. आणि शेवटची ओळ करडी पडलेली, कोणाचा तरी खांदा लागून सातावरचा थोडा खडू गेलेला, कडेला कोळ्याचं जाळं. चार महिने त्या ओळीला कोणी हात लावला नव्हता, कारण चार महिने कोणी काही घेतलं-विकलं नव्हतं. फुई तिथे असती तर ओट्यावर चढायच्या आधी तिनं ते पाहिलं असतं. मी आकडा वाचत होतो. मला वाचता येत होतं ना.

फाल्गुन लागला आणि शंकर तांबट आला. सुरतेला जायचं ठरलं. घराचे साडेआठशे. सुरतेचाच एक माणूस बयाणा घेऊन बसलाय, पण होळी पेटेपर्यंत मी थांबतो फुई, घर तुमचं आहे, असं म्हणाला आणि ओसरीच्या पायरीवर बसून चहा प्याला. फुईनं त्याला दुसऱ्यांदा चहा दिला, आईला न विचारता. ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्या संध्याकाळी तिनं दहाही कागद माझ्या हातात दिले. वडील दुकान सोडून येऊ शकत नव्हते. म्हणाली, "तू मन्हा हात शे." तिचा हात आता मी होतो.

मी निघालो तेव्हा पळस लालभडक झालेला होता. होळीआधी भरणारा भोंगऱ्याचा बाजार जवळ आलेला, डोंगरातली माणसं होळीच्या खरेदीला उतरत होती. वाटेवर घुंगरांची पोती, मोरपिसांच्या जुड्या, कुठे ढोलावर ओलं कातडं चढवण्याचा ठोक ठोक आवाज. मी गाडीत बसून हिशेब करत होतो की घर घेऊन उरलेल्या पैशांत फुईच्या ओसरीला फरशी बसेल.

पेढीवर पोचलो आणि ओट्यावरच मोठ्यानं सांगितलं, दहा शेअर विकायचे आहेत. सात पोत्यांची तोंडं मी दुसऱ्यांदा सोडली. ओट्यावर सातआठ माणसं होती. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. एकानं फक्त विचारलं, सगळे? मी म्हटलं, सगळे. त्यानं तंबाखू चोळली. बऱ्याच वेळानं दुसरा म्हणाला, एखादा असता तर दीडशेला घेतला असता, हौस म्हणून. मी ओळखीच्या धर्मशाळेत राहिलो. सकाळी गेलो तर मुनीम ओलं फडकं घेऊन शेवटची ओळ पुसत होता. चार महिन्यांत पहिल्यांदा. तिथे एकशे चाळीस आलं. एकही शेअर न विकता, नुसत्या तोंडानं मी भाव पस्तीस रुपयांनी पाडला होता.

तिसऱ्या दिवशी कपूरचंद शेठनं मला आत बोलावलं. हा मारवाडातून आलेल्या घरातला, तिसरी पिढी. घरात मारवाडी बोले, बाजारात आमच्याहून चांगली अहिराणी. जाड, हळू बोलणारा, कानात अत्तराचा फाया. गादीवर बसवलं. तिथे बाहेरचं कोणी नव्हतं, तरी त्यानं रिवाजाप्रमाणे उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं. माझा पंजा धरला. सोडला. मग चार बोटं धरली.

नव्वद. आणि दुसऱ्या हातानं दहाही कागदांवर थाप मारली, दरेकी नव्वद, सगळे घेतो.

मी हात काढून घेतला. चटका बसल्यासारखा. बाहेरच्या फळ्याकडे बोट दाखवलं आणि शाळेतल्या मराठीत म्हणालो, शेठ, एकशे चाळीस लिहिलंय.

तो रागावला नाही. म्हणाला, "बापू, फळ्यावरना भाव एक शेअरना शे. मी दहाना दी ऱ्हायनू."

मग त्यानं मला एकशे पंचाहत्तराची गोष्ट सांगितली. दिवाळीत एका गृहस्थाला कंपनीचा डायरेक्टर व्हायचं होतं. त्याला एक शेअर कमी पडत होता. जो मागितला त्या भावानं त्यानं तो घेतला. एकच. त्याच्या त्या हौसेचा आकडा चार महिने फळ्यावर राहिला, आणि मी तो आठवड्याच्या आठवड्याला तापीपार घरी नेऊन पोचवला.

एवढं ऐकूनही मी उठलो. नव्वदाला दहा म्हणजे नऊशे. साडेआठशेचं घर त्यात येत होतं, वर पन्नास उरत होते. मला हे तेव्हाही येत होतं; बेरीज-वजाबाकीत मी कधीच नापास नव्हतो. पण एकशे दहाला घेतलेले नव्वदला दिले हे घरी सांगायचं कसं? बालिस्टरनं? ओसरीवर मी एकशे पंचाहत्तर म्हणून ओरडलो होतो तो आवाज अजून माझ्याच कानात होता. म्हटलं, शेठ, होळीनंतर पाहू. त्यानं उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. म्हणाला, होळीनंतर माझाही पैसा कापसात अडकलेला असेल. मग मुलाला हाक मारून माझ्यासाठी बडीशेप मागवली.

परत येताना तापीत गाडी थांबली. बैल पाणी प्यायला लागले आणि मला वाटलं, वळावं. गाडीवाल्याला वळव म्हणायला तोंड उघडलंही. तेवढ्यात बैल आपण होऊन चालू लागले, आणि मी त्यांच्यावर सोडून दिलं. पुढे कित्येक वर्षं मी मनात त्या बैलांना दोष देत असे.

फुई ओसरीवर डिंक निवडत बसली होती. मी सांगितलं, बाजार मंद आहे, घेणारा नाही, थांबायला हवं. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. दलालाच्या सौद्याच्या वेळी वडिलांच्या तोंडाकडे पाहायची तशी.

"कोनी हात दिन्हा का?"

मी म्हटलं, नाही. कोणीच भाव केला नाही.

तिनं सूप उचललं.

होळी पेटली. डोंगराकडून ढोल ऐकू येत होते. दुसऱ्या दिवशी राखेचा वास गावभर होता आणि शंकर तांबट निरोप घ्यायला आला. जाताना त्यानं सीताफळाचं एक रोप मातीच्या गोळ्यासकट आणलं होतं. आमच्या परसात ते फुईनं लावलं नाही. शेजारणीला देऊन टाकलं. त्यानंतर बाजाराला जाताना ती बाजारामागची गल्ली टाळून लांबून, देवळावरून जाई. मी बरोबर असलो तर तिला न विचारता मीही त्याच वाटेनं जाई. आम्ही दोघं त्या लांबच्या वाटेनं किती चाललो असू.

शेअरचं पुढे काय झालं, ते सांगण्यासारखं नाही. कापसाचा भाव बसला, भोंगा बंद झाला, यंत्रं कोणी गुजरातेत नेली. फळ्यावरची शेवटची ओळ एका दिवशी पुसली गेली आणि तिथे मेथीचा भाव आला. ते दहा कागद माझ्याकडे आहेत. माझ्या पत्र्याच्या पेटीत खाली अंथरलेत. वर स्वेटर असतात. कागद चांगला जाड, कसर लागत नाही.

फुईनं मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. ती बोलत राहिली, सुपारी कातरत राहिली, माझ्या लग्नात तिनं माझ्या बायकोला तो अडकित्ता दिला. कपूरचंद शेठच्या घरून दर वर्षी चारोळीसाठी माणूस यायचा. एका वर्षी शेठची बायको स्वतः आली, दोघी परसात बराच वेळ बसल्या होत्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही. मी दुकानात होतो आणि तिथून मुद्दामच उठलो नाही.

ती गेली तो उन्हाळा होता. दुपारची वेळ, दाराला वाळ्याचा पडदा, त्यावर पाणी मारलेलं; ओल्या वाळ्याचा वास आणि बाहेर रखरखीत ऊन. इतक्या उकाड्यात तिला थंडी वाजत होती, म्हणून अंगावर गोधडी. मी शेजारी बसलो होतो. बराच वेळ डोळे मिटून पडली होती. मग गोधडीखालून तिचा हात माझ्या हाताजवळ आला. आला आणि थांबला. बोटं उघडी, सैल. ओढत नव्हती, धरत नव्हती. डोळे उघडून माझ्या तोंडाकडे पाहत होती.

तिला हात हवा होता, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. पण मला तो हात ओळखता आला होता. ज्याला भाव विचारायचा असतो, तो असा हात पुढे ठेवतो. पंजा धरायचा होता. सोडून चार बोटं धरायची होती. तोंडानं एक अक्षर बोलावं लागलं नसतं, घरात कोणाला कळलं नसतं, भाव दोघांतच राहिला असता. तिला आधीच ठाऊक होतं की नव्हतं, याचा मी आजवर निकाल लावू शकलो नाही. पण विचारलं तिनं होतं, आणि सांगायचं मला होतं.

मी तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि चोळत बसलो. म्हटलं, फुई, फार गार पडलाय गं. ती थोडा वेळ चोळू देत राहिली. मग तिनं हात काढून घेतला.

परवा बाजारात त्या बैलजोडीचा सौदा जमला. उपरणं निघालं, हातावर हात पडला, दोघंही हसत चहाला गेले. मी सर्व्हिस मोटारीत येऊन बसलो. मोटार सुटायला वेळ होता. शेजारचा माणूस डुलक्या घेत होता. मी माझ्या खांद्यावरचं उपरणं मांडीवर पसरलं, आणि त्याखाली माझ्याच उजव्या हातानं डावा पंजा धरला. सोडला. मग चार बोटं धरली. मोटार सुटेपर्यंत धरून ठेवली.